खूळ उतरेपर्यंत

शिजत आलेला टॅपिओकाचा मोती ब्लेडने मधोमध कापला, तर त्याच्या पोटात एक पांढरा ठिपका दिसतो. बाहेरचा भाग गुळाच्या रंगाचा, काचेसारखा आरपार दिसणारा. आत मात्र मोहरीएवढा, खडूसारखा पांढरा. तिथवर पाणी पोचलेलं नसतं, म्हणून तिथला स्टार्च कोराच राहिलेला असतो. मोती उकळत्या पाण्यात राहील तसा हा ठिपका आकसतो, मोहरीचा खसखशीएवढा होतो आणि मग दिसेनासा होतो. तेव्हाच गॅस बंद करायचा. आधी केला तर मोती दाताखाली पिठूळ लागतो. उशीर झाला तर वरचं कवच सुटतं आणि पातेल्यात नुसती खळ उरते.

चेतना दर घाण्यातला एक मोती असा कापून बघत असे. झाऱ्याने उचलायचा, गार पाण्यात बुडवायचा, स्टीलच्या ताटलीत ठेवून ब्लेडने दोन अर्धे करायचे, आणि एक अर्धा चिमटीत धरून खिडकीकडे करायचा. मुलुंड पूर्वेच्या त्या गाळ्याला मागच्या बाजूला एकच खिडकी होती आणि तिच्यातून शेजारच्या सोसायटीची भिंत तेवढी दिसे. पण उजेड पुरेसा येई.

त्या दिवशी महाशिवरात्र होती. दुकान उघडायच्या आधीच बाहेर बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुकानाच्या काचेवर जांभळ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘उपवासाला चालतो’. खाली हसरा मोती काढलेला, त्याच्या कपाळाला आज प्रीतमने हौसेने भस्माचे तीन पट्टेही काढले होते.

“ताई, पहिला घाणा झाला काय?” प्रीतमने काउंटरवरून हाक मारली. “इथे पब्लिक वेडं झालंय!”

“होतोय.”

“होतोय नको, दे. आज आपला दिवाळी-दसरा आहे.”

प्रीतम हा चेतनाचा धाकटा भाऊ. दुकान त्याचं. चेतना इथे तात्पुरती आली होती. हे ‘तात्पुरतं’ चौथं वर्ष उलटून पाचव्यात चाललं होतं.

चेतना रसायनशास्त्र शिकलेली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत ती पाणी आणि अन्नपदार्थ तपासायची. तिखटात विटकरीची पूड, दुधात युरिया, शेंगदाण्यात बुरशीचं विष, असली कामं. काम शांत होतं आणि एकट्याचं होतं. दिवसभरात फार तर दहा वाक्यं बोलावी लागत, आणि संध्याकाळी निघताना एखाद्या गोष्टीबद्दल खात्रीने सांगता येत असे की हे असं आहे, किंवा असं नाही. अशी नोकरी सगळ्यांनाच मानवते असं नाही. तिला मानवली होती.

प्रीतमचं तसं नव्हतं. त्याला नवीन काहीतरी लागायचं. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी हा गाळा घेऊन वह्या-पेनं आणि झेरॉक्सचं दुकान काढलं होतं. बाबा गेले आणि झेरॉक्सवाल्या दुकानाचं रूप बदलायला लागलं. आधी तिथे वॅफल आले. मग गोठलेल्या तव्यावर दूध घासून त्याच्या गुंडाळ्या करून देतात ते आइस्क्रीम. त्यानंतर चीज ओघळणारे तंदुरी मोमो. प्रत्येक वेळी पहिले काही आठवडे रांग लागायची, पोरंपोरी फोटो काढायची, प्रीतम कॉलर ताठ करून हिंडायचा. मग रांग सरायची, मग फोटो सरायचे, आणि शेवटी काउंटरवर माश्या मारत बसलेला प्रीतम उरायचा. “वाट लागली यार,” म्हणायचा आणि चार दिवसांनी पुढचं खूळ घेऊन यायचा.

लॉकडाऊन उठल्यावर त्याने बबल टी काढला, म्हणजे तळाशी टॅपिओकाचे मोती घातलेला गार दुधाचा चहा. आईने, मालनबाईंनी, पहिला ग्लास हातात घेतला, जाड स्ट्रॉमधून एक मोती त्यांच्या घशाशी आला, आणि त्या दचकून म्हणाल्या, “ह्या काय ता? साबुदाण्याची खीर ग्लासात घालून इकतत, नि लोका तिच्यासाठी उन्हात उभी रवतत!”

“आई, ट्रेंड आहे तो,” प्रीतम म्हणाला.

“मोमोचो पण होतो.”

चेतना तेव्हा हसली होती. तिच्याही मनात तेच होतं. प्रीतमच्या तीन खुळांचा आलेख तिला पाठ झाला होता : सरळ वर, थोडा वेळ पठार, मग उतार. चौथ्याचा वेगळा का असेल?

अंधेरीची प्रयोगशाळा त्याच सुमाराला बंद झाली. तिचे तिथले वरिष्ठ, श्यामकांत सर, आपल्या गावी चिपळूणला परतले आणि त्यांनी स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढली. खाडीपट्ट्यातल्या गावांच्या विहिरी, तिथल्या औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी, आंबा-काजूचे कारखाने. काम भरपूर होतं. त्यांनी चेतनाला फोन केला. “मला विश्वासाचं माणूस हवंय. ये.”

आणि नेमकं तेव्हाच प्रीतमने गळ घातली. त्याच्या बायकोचं, दर्शनाचं, बाळंतपण जवळ आलं होतं. ठेवलेला आचारी पळून गेला होता. पाकिटातून आणलेले मोती कधी चामड्यासारखे व्हायचे, कधी विरघळून जायचे.

“ताई, तू केमिस्ट आहेस. तुझ्यासाठी हे म्हणजे किस झाड की पत्ती. फक्त हे चालतंय तोवर हात दे ना. नाहीतरी किती दिवस चालणार!”

‘किती दिवस चालणार’ या शब्दांवर चेतना विसंबली. श्यामकांत सरांना तिने सांगितलं, “सर, भावाचं एक खूळ आहे. ते उतरलं की लगेच येते.”

“कधी उतरेल?”

“दिवाळीपर्यंत.”

दिवाळी आली. खूळ उतरलं नाही. रांग थोडी आखडली आणि मग तिथेच थांबली, वरही जाईना, खालीही येईना. चेतनाला हे पटत नव्हतं. तिने मनातल्या मनात कारणं शोधून पाहिली. चहा होता, म्हणजे नवीन असून परका नव्हता. गोड होता. चघळायला काहीतरी होतं, त्यामुळे एक ग्लास अर्धा तास पुरायचा, आणि तेवढा वेळ कुणी ऊठ म्हणत नसे. हातात धरून मिरवता येत होता. ज्या मुली कॉलेजात असताना यायच्या त्या नोकरीला लागल्या आणि ऑफिसातल्या मैत्रिणींना आणायला लागल्या. मुली आल्या, मग त्यांच्या आया आल्या. जैन गिऱ्हाइकांना कंदमुळाचा स्टार्च चालत नाही, म्हणून प्रीतमने त्यांच्यासाठी मोत्यांऐवजी सब्जा घातला, तर तेही येऊ लागले. टॅरो नावाची जांभळी पूड आली. ती म्हणजे आपली अळकुडीच, हे कळल्यावर मालनबाईंनी कपाळाला हात लावला. पण अळकुडीची भाजी ताटात टाकून उठणारी पोरं तोच स्वाद नाक वर करून मागत होती.

सर अधूनमधून फोन करायचे. “काय, उतरलं का?”

“उतरेल सर. परीक्षा संपल्या की.”

पुढच्या फोनला ती म्हणायची, “संक्रांतीनंतर.”

त्याच्या पुढच्या फोनला, “आता नवरात्र गेलं की.”

खुर्ची रिकामी ठेवलीय, एवढंच ते म्हणायचे. रागवायचे नाहीत.

मग एका जानेवारीत रांग खरोखरच आटली. समोरच्या फुटपाथवर कोरियन कॉर्नडॉगची गाडी लागली आणि पोरं तिकडे वळली. दुपारच्या दुपार कुणी फिरकेना. प्रीतमचा चेहरा ओळखीचा व्हायला लागला, तोच माश्या मारतानाचा. चेतनाला वाईट वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते वेगळंच होतं. तिने कपाट आवरायला काढलं. पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून ठेवला. सरांना फोन करून म्हणाली, “सर, पुढच्या महिन्यात नक्की.”

पुढच्या महिन्यात अंगारकी होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू पीत होता, काकू नुसत्या बघत होत्या. “काय गं चेतना, मला म्हातारीला विचारू नये, पण ह्या काळ्या गोळ्या कसल्या असतात?”

“टॅपिओका आहे काकू. म्हणजे आपला साबुदाणाच. त्याच कंदाचा असतो.”

“म्हणजे उपवासाला चालेल?”

इथे चेतनाला गप्प बसता आलं असतं. ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. पण प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय तिच्या हाडात मुरली होती. “साबुदाणा चालतो, दूध चालतं, साखर चालते, चहाही चालतो. मग हे न चालायला काय झालं?”

काकूंनी एक ग्लास मागवला. खिचडी-वरीच्या तांदळाला कंटाळलेल्या त्या बाईने तो इतक्या समाधानाने प्यायला की प्रीतम काउंटरवरून बघतच राहिला.

पुढच्या संकष्टीला काचेवर जांभळी अक्षरं उमटली. त्या दिवशी रांग रिक्षास्टँडपर्यंत गेली.

मुलुंडात उपवासांना तोटा नाही. संकष्टी आहे, एकादश्या आहेत, सोमवार, गुरुवार, श्रावण, नवरात्र, हरतालिका. गुजराती बायकांची व्रतं वेगळी, आणि तीन वर्षांनी एकदा येणारा अधिक महिनाही आहे. फॅशन जाते, पण चतुर्थी कुठे जाते? कॉर्नडॉगची गाडी उन्हाळ्यात उठून गेली. बबल टी पंचांगाला टांगला गेला आणि तरला. तो टांगला होता चेतनाने, स्वतःच्या हाताने, एका वाक्यात.

त्यावरही कडी तिने स्वतःच केली. मोत्यांच्या पाकिटावरचे घटक तिने वाचून पाहिले, तर त्यात रंग होता, टिकवण्याची द्रव्यं होती आणि घट्टपणासाठी घातलेला काहीतरी अगम्य पदार्थ होता. काचेवर ‘चालतो’ लिहायचं आणि आत हे द्यायचं, हे तिला खपेना. “बोर्ड काढ, नाहीतर मोती बदल,” ती प्रीतमला म्हणाली. त्याने विचारलं, “बदलून देतेस?” आणि तिने दिले. टॅपिओकाचं पीठ, कोल्हापुरी गूळ आणि पाणी, बस्स. गुळाचं पाणी खळखळत असतानाच पीठ टाकायचं, हात भाजेल इतकं गरम असताना मळायचं, नाहीतर गोळा जुळत नाही. महिनाभर बोटांना फोड आले. मग जमलं. मुलुंडात, भांडुपात, नाहूरला कुणाकडेही असे मोती नव्हते. चार तासांनी ते कडक व्हायचे आणि टाकून द्यावे लागायचे, म्हणजे दिवसातून अनेकदा ताजा घाणा, म्हणजे दिवसभर चेतना.

खोटं बोलायचं नाही, एवढाच तिचा हट्ट होता. त्यात ती आपोआप अडकत गेली.

महाशिवरात्रीच्या त्या दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा प्रीतम मागे आला. हातात गुंडाळलेला फ्लेक्स होता. त्याच्यामागे दर्शना, खांद्यावर झोपलेली पोर घेऊन. पिठाच्या परातीपाशी काशीराम उभा होता. पन्नाशीचा हा माणूस पूर्वी उडुपी हॉटेलात होता, आता वर्षभर इथे मोती वळत होता.

“ताई, डोळे मीट.”

“प्रीतम, माझा घाणा आहे गॅसवर.”

“काशीराम बघेल. मीट ना यार दोन मिनिटं!”

तिने डोळे मिटले नाहीत. त्याने फ्लेक्स उलगडला. त्यावर चेतना होती. तिला न सांगता कधीतरी काढलेला फोटो : ॲप्रन घातलेली, चिमटीत काहीतरी उजेडाकडे धरून बघणारी. बाजूला मोठ्या अक्षरांत, ‘चेतनाताईंचा बबल टी. घरचे मोती, घाटकोपरमध्ये!’

“गाळा बघून आलोय,” प्रीतम घाईघाईने सांगू लागला. “स्टेशनच्या बाहेर, एकदम मोक्याची जागा. पाडव्याला उद्‌घाटन. तुझं नाव लावतोय बघ. माझं नाही, तुझं! सकाळी तू इथला घाणा काढायचास, दुपारी तिकडे. झकास ना?”

चेतना फोटोकडे बघत होती. फोटोतल्या बाईचा चेहरा समाधानी दिसत होता. असं तिला कधी वाटलं होतं, ते तिला आठवेना.

“मला विचारलं नाहीस,” ती म्हणाली.

“सरप्राइज होतं गं!”

“मी चिपळूणला जाणार आहे. तुला माहीत आहे.”

प्रीतमने दर्शनाकडे पाहिलं. दर्शना हसली. तिच्या हसण्यात वैर नव्हतं, पण चार वर्षं साठलेलं काहीतरी होतं. “ताई, रागावू नका हं. पण ही पोर माझ्या पोटात होती तेव्हापासून तुम्ही चिपळूणला जाताय.”

“दर्शना!”

“मी काय खोटं बोलतेय?” दर्शना नवऱ्याला म्हणाली आणि पुन्हा चेतनाकडे वळली. “तुम्हाला जायचं असतं ना ताई, तर काशीरामना तुम्ही कधीच तयार केलं असतं. त्यांचे पर्ल आम्हाला चालतात, गिऱ्हाइकांना चालतात, फक्त तुम्हाला चालत नाहीत. रोज एक खोट. आज कच्चा, उद्या जास्त शिजला, परवा गोल नाही. सोडायचं तुमच्याच मनात नाही. उगाच आमच्या माथी का मारता?”

काशीरामने परात उचलली आणि तो बेसिनकडे गेला. तिथे नळ सोडून पाठमोरा उभा राहिला.

दर्शनाचं म्हणणं बिनचूक होतं. काशीरामचे मोती गणपतीपासून चांगले होत होते. तिने ते कापून पाहिले होते, आत काही नव्हतं, आणि तरीही तिच्या तोंडून ‘अजून थोडं’ असं निघालं होतं. का, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कच्च्या मोत्यात निदान काय कच्चं आहे ते दिसतं. चिपळूणला गेल्यावर काय दिसलं असतं? हात विसरले असतील, नवी यंत्रं आली असतील, पोरीबाळी पुढे गेल्या असतील. खूळ उतरलं नाही म्हणून मी गेले नाही, हे सांगायला सोपं होतं. खरं होतं की नाही, हे तपासायची तिची तयारी नव्हती. दुसऱ्यांच्या तिखटातली विटकर शोधण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. श्यामकांत सर.

ती मागच्या दाराने बोळात आली. तिथे वीजमीटरच्या पेट्या होत्या आणि एक मांजर सावलीला आडवं पडलं होतं.

“चेतना, आहेस ना? कामात नाहीस ना?”

“बोला ना सर.”

“तुला पत्र पाठवणार होतो. मग म्हटलं, नको, आपण बोलूच.” सर नेहमी आधी निष्कर्ष सांगायचे, मग बाकीचं. आज उलट चाललं होतं. “खुर्ची भरली मी. इथल्या लोटे गावची मुलगी आहे. नुकतीच शिकून आलीय. हुशार आहे. तुझ्याइतकी बारीक नजर नाही, पण येईल.”

“बरं केलंत सर.”

“खूप थांबलो गं.”

“माहीत आहे सर.”

“तू दर वेळी म्हणायचीस, खूळ उतरलं की येते. मीही धरून बसलो, की उतरेल. परवा पुण्याची नात आली होती. आल्याआल्या म्हणते, आजोबा, इथे बबल टी कुठे मिळतो? चिपळुणात! आणि मिळतो, बरं का. बसस्टँडसमोर.” ते जरा हसले. “तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे खूळ नाही चेतना. आमच्या आजोबांनी चहा घरात येऊ दिला नव्हता. म्हणायचे, हे इंग्रजांचं खूळ, चार दिवसांत जाईल. ते गेले. चहा राहिला.”

चेतनाने भिंतीला हात टेकला. भिंत उन्हाने तापली होती.

“सर, मी…”

“काही म्हणू नकोस. मी रागावलेलो नाही. उलट मीच तुला आधी मोकळं करायला हवं होतं. तुझं तिकडे चांगलं चाललंय असं ऐकतो. सुखी राहा.”

फोन बंद झाला. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. छातीत एक कोरडी जागा तेवढी जाणवली, तिथे कधी काही पोचलंच नव्हतं अशी. माणूस एखाद्या दाराकडे वर्षानुवर्षं बघत राहतो, जाईन म्हणतो, आणि ते दार लागल्यावर त्याला कळतं की आपण बघत होतो ते नुसतं उघडं असण्याकडे. आत जायचं होतं की नाही, हा प्रश्न निराळा. तो आपण कधी सोडवलाच नाही.

ती आत आली तेव्हा मालनबाई देवळातून येऊन स्टुलावर बसल्या होत्या. ओंजळीत बेलाची पानं होती. काउंटरवर पुन्हा रांग धरली होती. कप बंद करायचं यंत्र खटखटत होतं आणि दर्शना ग्लासांवर स्ट्रॉ ठेवत होती.

“कुणाचो फोन?” मालनबाईंनी विचारलं.

“सरांचा.”

प्रीतमचा हात थबकला. “चिपळूणवाले? काय म्हणतात?”

“जागा भरली त्यांनी. दुसरी मुलगी घेतली.”

चेतनाला माणसांचे चेहरे वाचायला यायचे नाहीत असं सगळे समजत, ते खरं नव्हतं. फक्त ती वाचलेलं बोलून दाखवत नसे. तिने पाहिलं : प्रीतमचे खांदे खाली आले. श्वास सुटला. दर्शनाने नवऱ्याकडे एक क्षणभर बघितलं आणि तिचा चेहराही सैल झाला. आईने बेलाची पानं कपाळाला लावली.

“बरा झाला ता,” मालनबाई म्हणाल्या. “देवान आयकल्यान. आता जिवाक घोर नाय. खंय जातलंस तू त्या परक्या गावात एकटी? भावाचा दुकान उभा रवला ता तुझ्याच हातान. तू नसलंस तर ह्येचा कसा व्हायचा?”

“आई, तसं नको बोलू, तिला वाईट वाटलं असेल,” प्रीतम म्हणाला. पण त्याचा आवाज लपत नव्हता. गुदगुल्या केल्यासारखा तो उसळत होता. “ताई, मनाला लावून घेऊ नकोस. त्यांचंच नुकसान आहे. आणि बघ ना, टायमिंग कसलं! आजच्या दिवशी! म्हणजे शंकरानेच तुला घाटकोपरला पाठवलं म्हण.” त्याने रांगेतल्या पहिल्या बाईला ग्लास दिला, खदखदून हसला. “काकू, ह्या बघा आमच्या ताई. आता घाटकोपरलापण ह्यांचेच मोती!”

“हो का? अरे वा!” काकू म्हणाल्या. “माझी बहीण तिकडेच राहते.”

“मग तिला सांगा, पाडव्याला या. परमनंट सोय आहे आता!”

‘परमनंट’ हा शब्द चेतनाच्या कानात पडला आणि तिथेच बसला.

कुणी तिला कोंडलं नव्हतं, हे तिला समजत होतं. त्यांनी फक्त दर दिवाळीला, दर परीक्षेला, दर चतुर्थीला तिचं ‘आता जाते’ ऐकून घेतलं होतं आणि तिच्याच हातात झारा दिला होता. त्यात कपट नव्हतं. माया होती, गरज होती, आणि तिला जाता येणार नाही याचा पक्का हिशेब होता. तो हिशेब त्यांनी मांडला नव्हता. तो तिनेच, इतकी वर्षं रोज, त्यांच्यासाठी मांडून ठेवला होता. आणि आता चिपळूण उरलं नाही, म्हणजे तिच्यापाशी जायला जागाच उरली नाही, असं धरून हे सगळे इतके हलके झाले होते. तिला जायचं म्हणजे कुठेतरी जायचं असणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. तिनेही.

“ताई, घाणा,” काशीराम हळूच म्हणाला. “उतरवू?”

“उतरवा,” ती म्हणाली. “तुम्हीच बघा. आजपासून तुम्हीच बघायचं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग गॅस बंद केला.

तिने ॲप्रनची गाठ सोडली. गाठ सुटेना, सकाळपासून गुळाच्या पाण्याने ती चिकटून बसली होती. नखाने सोडवावी लागली. ॲप्रन तिने घडी करून फ्रीजवर ठेवला आणि ती काउंटरपाशी आली.

“प्रीतम, मी जातेय.”

“हां, जा ना, जेवून ये,” तो पाठ न वळवता म्हणाला. यंत्र खटखटत होतं, रांगेतली दोन पोरं एकमेकांच्या अंगावर रेलून हसत होती. “उपवासाची थाळी ठेवलीय आईने वर घरी. चार वाजेपर्यंत ये फक्त, ऑफिसं सुटायच्या आत.”

चेतनाने हात लांब करून यंत्राचं बटण दाबलं. खटखट थांबली. रांगेतले लोक, आई, दर्शना, सगळे तिच्याकडे बघायला लागले. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. आताही तो चढला नाही, पण इतक्या शांततेत त्याची गरज नव्हती.

“जेवायला नाही,” ती म्हणाली. “चिपळूणलाही नाही, तिथलं संपलं. कुठे जायचं ते मला अजून ठाऊक नाही, आणि ते ठरेपर्यंत इथे थांबायचं असं मी आता करणार नाही. घाटकोपरच्या पाटीवरून माझं नाव काढ, प्रीतम. मी दुकान सोडलं. उद्यापासून मी येणार नाही.”